तुम्ही विचारा: पन्नाशी उलटलेला विंगर

मागच्या अंकात यारोमिर यागर या चेक आइस हॉकीवाल्यावर मी अर्ध्या पानाचं टिपण दिलं होतं, त्यात एवढंच होतं की हा माणूस १९८८ साली पहिल्यांदा चेकोस्लोव्हाकियाच्या मोठ्या लीगमध्ये उतरला आणि पन्नाशी ओलांडल्यावरही पगारी खेळाडू म्हणून खेळत होता. मला वाटलं कोण वाचणार, आपल्याकडे बर्फ म्हटलं की गोळा आठवतो. पण पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर तर एकाने पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. तर या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय, ज्यांनी गुडघेदुखीबद्दल आणि आयपीएलबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

काका, नाव नक्की काय म्हणायचं? यूट्यूबवर सगळे जॅगर म्हणतात, तुम्ही यागर लिहिलंत. आणि विंगर म्हणजे आपल्या हॉकीतला राइट आउट का? मी खडकीला लहानपणी हॉकी खेळलोय म्हणून विचारतो. (एक वाचक, पुणे)

चेक भाषेत जे अक्षराचा उच्चार य. आणि त्याच्या नावात ग आणि र यांच्यामध्ये स्वर लिहितच नाहीत, त्या लोकांना र एकटाच पुरतो, आपल्याला तो म्हणायला जड जातो म्हणून मी यागर लिहितो, या जरा लांबवून म्हणा की झालं. मीसुद्धा कित्येक वर्षं जॅगरच म्हणत होतो, मग एका चेक माणसाने इतक्या सभ्यपणे दुरुस्त केलं की जास्तच लाज वाटली.

विंगरचं म्हणाल तर हो, राइट आउटचाच चुलतभाऊ, पण मैदान वेगळं असल्यामुळे काम बरंच वेगळं. आइस हॉकीत बर्फावर एका टीमचे सहाच जण असतात, एक गोली, दोन डिफेन्सवाले, मधला सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन विंगर. मैदानाच्या कडेला लाकडी किंवा फायबरच्या फळ्या, त्याला बोर्ड म्हणतात, त्यामुळे बॉल बाहेर गेला आणि साइडलाइनवरून हिट मिळाली असला प्रकार नाही, पक फळीवर आपटून परत आतच येतो आणि विंगरचं अर्धं आयुष्य त्या फळीला चिकटून धक्काबुक्की करण्यात जातं. पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन साधारण आपल्या क्रिकेटच्या लेदर बॉलएवढं, आणि मॅचच्या आधी ती फ्रीझरमध्ये ठेवतात म्हणजे उसळत नाही. आणि खेळाडू एका वेळी पाऊण मिनिटभरच बर्फावर असतो, तेवढ्यात जीव निघतो, मग उडी मारून बाकावर, दुसरी तुकडी आत. याला शिफ्ट म्हणतात.

आता तुम्ही हॉकी खेळलेले आहात म्हणून एक गंमत सांगतो, आपल्या हॉकीत सगळ्यांची स्टिक एकाच हाताची, डावखुरी स्टिक चालतच नाही. आइस हॉकीत दोन्ही प्रकार चालतात. यागर डाव्या हाताचा शॉट मारणारा आणि खेळायचा उजव्या बाजूला, म्हणजे उलट्या बाजूला. फायदा काय, तर उजवीकडून आत वळला की त्याची स्टिक मैदानाच्या मधल्या बाजूला असते, समोरचा गोल त्याला मोठा दिसतो. पण त्याचं खरं हत्यार स्टिक नव्हतं, कंबर आणि बूड होतं. हसू नका. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, वजन शंभर किलोच्या वर, मांड्या पैलवानासारख्या, तो डिफेन्सवाल्याकडे पाठ करून कमरेत वाकून उभा राहायचा, पक पुढे लांब हातभर अंतरावर, आणि मागचा कितीही रेटत राहिला तरी हा हलायचा नाही, उलट त्या रेट्याचाच आधार घेऊन वळायचा. कोपऱ्यात पक घेऊन असा दहा दहा सेकंद उभा असलेला यागर बघितला की मला तरी कुस्तीचा आखाडाच आठवतो.

यागरच्या पाठीवर ६८ नंबर का? लकी नंबर का काही ज्योतिष? (कोल्हापूर)

ज्योतिष नाही, इतिहास. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रशियाच्या नेतृत्वाखाली रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, त्याआधी काही महिने तिथे जरा मोकळा वारा सुटला होता, त्याला प्राग स्प्रिंग म्हणतात, तो चिरडला. यागर जन्मला १९७२ ला, म्हणजे त्याने ते पाहिलेलं नाही. पण घरात होतंच की. त्याच्या आजोबांची शेती होती, प्रागपासून पंचवीसेक किलोमीटरवर क्लादनो नावाचं गाव आहे त्या भागात, कम्युनिस्ट राजवटीने ती ताब्यात घेतली, आजोबा ऐकेनात म्हणून तुरुंगात गेले आणि योगायोग असा की ते वारले पण १९६८ सालीच. त्यांचं नावही यारोमिर. नातवाने पाठीवर तो आकडा घेतला आणि कधीच सोडला नाही. शाळेत असताना वहीत रोनाल्ड रेगनचा फोटो ठेवायचा असं तो सांगतो, आता आपल्याला रेगनबद्दल काय वाटतं ते सोडा, पण त्या काळात त्या देशात शाळेच्या दप्तरात अमेरिकेच्या अध्यक्षाचा फोटो म्हणजे पोरगं चांगलंच आगाऊ असणार.

आणि टायमिंग बघा. नोव्हेंबर १९८९ ला तिथली राजवट कोसळली आणि जून १९९० ला व्हॅन्कुव्हरमध्ये एनएचएलचा (अमेरिका-कॅनडाची सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग) ड्राफ्ट, म्हणजे नव्या पोरांची वाटणी, पिट्सबर्ग पेंग्विन्सने त्याला पाचव्या नंबरवर उचललं. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर गेला पेत्र नेदव्येद, तोही चेक, पण तो त्याच्या आदल्याच वर्षी जानेवारीत कॅनडात कॅलगरीला एका स्पर्धेसाठी गेला असताना वयाच्या सतराव्या वर्षी पोलीस स्टेशनात जाऊन म्हणाला, मी परत जाणार नाही. त्याआधीचे बहुतेक चेक खेळाडू असेच पळून यायचे, घरच्यांची तोंडं परत दिसतील का माहीत नाही. यागर हा पहिला की जो पळून न येता, पासपोर्ट खिशात ठेवून, ड्राफ्टला रीतसर हजर राहिला. दोघांत दीड वर्षाचंच अंतर, पण एकाचं घर तुटलं आणि दुसऱ्याची आई सोबत अमेरिकेत येऊन राहिली.

यागरचे १९२१ पॉइंट म्हणजे किती मोठं? आमच्या ग्रुपवर भांडण झालंय, एक जण म्हणतो सचिनसारखं, एक म्हणतो त्याने फक्त वर्षं भरली. (ठाणे)

भांडण सोडवायला नाही येणार मी, पण आकडे देतो, पुढे तुम्ही बघा.

पॉइंट कसे मोजतात ते आधी. गोल केला एक पॉइंट, गोलच्या आधी शेवटचे पास देणारे जास्तीत जास्त दोघं, त्यांनाही एकेक. यागरचे एनएचएलमध्ये १७३३ मॅचमध्ये ७६६ गोल आणि ११५५ असिस्ट, बेरीज १९२१. त्याच्या वर एकच माणूस, वेन ग्रेट्स्की, २८५७. म्हणजे पहिला आणि दुसरा यांच्यात ९३६ चं अंतर, आणि तरी हा दुसरा. तोवर दुसरा असलेल्या मार्क मेसिएचे १८८७ त्याने डिसेंबर २०१६ मध्ये ओलांडले तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता.

"फक्त वर्षं भरली" म्हणणाऱ्याला हे सांगा. सगळ्यात जास्त पॉइंट करणाऱ्याला आर्ट रॉस ट्रॉफी मिळते, ती त्याने पाच वेळा घेतली, त्यातल्या चार सलग, १९९८ ते २००१. १९९५-९६ च्या एका सीझनला ६२ गोल, ८७ असिस्ट, १४९ पॉइंट. नव्वदीच्या उत्तरार्धात एनएचएलमध्ये गोल होणं अवघड झालं होतं, डिफेन्सवाले स्टिकने अडकवायचे, ओढायचे, रेफरी बघून न बघितल्यासारखं करायचे, आणि तरी हा वर्षानुवर्षं सगळ्यांच्या वर. २००५-०६ ला न्यूयॉर्क रेंजर्सकडून १२३ पॉइंट, क्लबचा रेकॉर्ड, पण जो थॉर्नटनचे १२५ झाले आणि सहावी ट्रॉफी दोन पॉइंटने हुकली.

उलट मी तर म्हणतो त्याची वर्षं कमीच धरली गेलीत. २००८ ला तो १५९९ पॉइंटवर असताना उठला आणि रशियात सायबेरियामधल्या ओम्स्कला खेळायला गेला, तीन सीझन. शिवाय मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एनएचएलला टाळं लागलं ते वेगळं, २००४-०५ चा अख्खा सीझन गेला, १९९४ आणि २०१२ ला अर्धे अर्धे गेले. परत आला २०११ ला, एकोणचाळीस वर्षांचा, लोक म्हणाले एखादं वर्ष मिरवून जाईल, तर त्याने आणखी ४६० मॅच खेळल्या आणि ३२२ पॉइंट जोडले. जानेवारी २०१५ मध्ये बेचाळीसाव्या वर्षी हॅटट्रिक, इतक्या वयात एनएचएलमध्ये कोणी केली नव्हती. पुढच्या सीझनला फ्लोरिडात त्याच्या लाइनमध्ये, म्हणजे बर्फावरच्या त्याच्याच तुकडीत, बार्कोव्ह आणि ह्युबर्डो, दोघंही यागरच्या पहिल्या एनएचएल सीझनला जन्मलेलेच नव्हते, आणि टीममध्ये सगळ्यात जास्त पॉइंट या म्हाताऱ्याचे, ६६.

सचिनशी तुलना मात्र मी नाही करणार, आमच्या घरातपण भांडण होतं त्यावरून.

नमस्कार. मी कामानिमित्त पिट्सबर्गला असतो. इथले जुने लोक यागरबद्दल बोलताना एकदम प्रेमाने बोलतात आणि मग त्याच वाक्यात शिव्या पण देतात. इथे त्याला वर्षानुवर्षं बू करत होते म्हणे. नक्की झालं काय होतं?

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा लांबण लावतो.

अठरा वर्षांचं पोर पिट्सबर्गला आलं ते मुळात पेंग्विन्सच्या मारिओ लेमिएसाठी. लेमिए तेव्हाचा देव, आणि गंमत अशी की यारोमिरची इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली तर मारिओ ज्युनियर होतं, तिथल्या लोकांनी ते लगेच पकडलं. पोराला इंग्रजी येत नव्हतं, घरची आठवण यायची, डिसेंबरमध्ये क्लबने यिरी हर्डिना नावाचा एक अनुभवी चेक खेळाडू कॅलगरीहून आणला, आणि त्याला आणण्यामागे खेळाइतकंच कारण हे की पोराला कोणीतरी आपल्या भाषेत बोलायला पाहिजे. किती शहाणपणाचा निर्णय आहे हा, आपल्याकडे होस्टेलला रडणाऱ्या पोरांसाठी कोणी असं करत नाही. पहिल्याच दोन वर्षांत, १९९१ आणि १९९२, पेंग्विन्सने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा कप, जिंकला. वीस वर्षांच्या पोराच्या नावावर दोन कप. त्याला वाटलं असणार, हे असंच असतं. त्यानंतर एनएचएल सोडेपर्यंत त्याला तो कप परत कधीच मिळाला नाही.

मग १९९७ ला लेमिए रिटायर झाला, १९९८ ला यागर कॅप्टन झाला आणि त्याच वर्षी क्लबने दिवाळं काढलं. शब्दशः, कोर्टात जाऊन. सगळ्यात जास्त पैसे कोणाचे अडकले होते माहितीये, लेमिएचेच, पगाराचे.

आता १९९९ चा वसंत. प्लेऑफची पहिली फेरी, समोर न्यू जर्सी, लीगच्या त्याच गटातली एक नंबरची टीम, आणि पेंग्विन्स आठव्या. सातपैकी चार जिंकायच्या. न्यू जर्सी ३-२ ने पुढे, सहावी मॅच पिट्सबर्गला. यागरची जांघ दुखावलेली, मधल्या मॅच त्याने बाहेर बसून काढलेल्या, नीट स्केट करता येत नाही हे टीव्हीवर पण दिसतंय, पाय ओढत ओढत शिफ्ट संपवतोय. हरले तर सीझन संपला, घरच्या मॅचची तिकीटविक्री संपली, आणि दिवाळखोर क्लबला गिऱ्हाईक कोण बघणार. एका गोलने मागे, शेवटची दोनेक मिनिटं उरलेली, आणि यागरने गोल मारून बरोबरी केली. मग ओव्हरटाइम, त्यात पहिला गोल करेल तो जिंकला, आणि तो गोल पण यागरचाच. सातवी मॅच पेंग्विन्सने न्यू जर्सीत जाऊन जिंकली. पिट्सबर्गमधले लोक आजही म्हणतात की त्या एका पायावरच्या माणसाने क्लब शहरात ठेवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेमिएने आपले अडकलेले पैसे भागीदारीत फिरवून क्लबच विकत घेतला.

आणि मग सिनेमात शोभेल असं, मालक झालेला लेमिए २७ डिसेंबर २००० ला परत पॅड बांधून बर्फावर उतरला. तेहतीस सेकंदांत पहिला पॉइंट, असिस्ट. गोल कोणाचा, यागरचा.

पण क्लबकडे पैसे नव्हतेच, यागर महाग, आणि तो पण मनातून उखडलेला होता, जुलै २००१ मध्ये त्याला वॉशिंग्टनला पाठवलं, बदल्यात जी तीन तरुण पोरं आली त्यातलं एकही पुढे फारसं चमकलं नाही. वॉशिंग्टनने सात वर्षांसाठी ७७ मिलियन डॉलरचा करार केला आणि तिथे त्याचा काही जीव रमला नाही, अडीच वर्षांत न्यूयॉर्कला विकला. म्हणजे पिट्सबर्गवाल्यांना देव पण गेला आणि नैवेद्यही मिळाला नाही. तिथून बू सुरू झालं. त्यावर कडी म्हणजे २०११, रशियातून परत येताना पिट्सबर्गने ऑफर दिली, अख्खं शहर आता घरी येणार म्हणून आस लावून बसलेलं, आणि साहेबांनी सही केली फिलाडेल्फियाबरोबर, शेजारच्या हाडवैऱ्याबरोबर. मग काय, पक त्याच्या स्टिकला लागला रे लागला की हॉलभर बूऽऽ.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत. ज्याच्यावर जीव असतो त्यालाच लोक असं ओरडतात, परक्याला कोण कशाला बू करतंय. १८ फेब्रुवारी २०२४ ला त्याचा ६८ नंबर पिट्सबर्गच्या छताला टांगला, त्या क्लबने एवढ्या वर्षांत निवृत्त केलेला तिसराच नंबर, लेमिएच्या ६६ च्या सोबतीला. बावन्न वर्षांचा यागर त्या दिवशी वॉर्मअपला पेंग्विन्सबरोबर स्वतः बर्फावर होता आणि सगळी टीम पाठीवर ६८ लावून, डोक्यावर त्याच्यासारख्या लांब केसांचे टोप घालून फिरत होती. त्या दिवशी कोणी बू केलं नाही. तुम्ही तिथेच असता तर हॉलमध्ये जाऊन मान वर करून बघून या की एकदा, आणि एखाद्या जुन्या प्रेक्षकाला १९९९ ची सहावी मॅच विचारा, रात्रीचं जेवण चुकेल तुमचं.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, स्केटिंग करतो. तुमचं टिपण वाचून त्याचे बाबा म्हणतात यागर लहानपणी रोज हजार बैठका मारायचा, तू पण मार. खरं आहे का हे? (एक आई, नाशिक)

खरं आहे, म्हणजे तो स्वतः सांगतो, वडिलांनी लावलेली सवय. शेतावर वाढलेलं पोर, कामं पण होतीच. त्याचा जो कंबर-मांडीचा खेळ मी वर सांगितला तो तिथून आला. मोठेपणी पण वेड गेलं नाही, मॅच संपून सगळे घरी गेले की रात्री उशिरा हा एकटा अंगावर वजनाचं जाकीट चढवून रिंकवर चकरा मारायचा, चाळिशीत. क्लबने त्याला रिंकची किल्ली दिली अशा गोष्टी एकापेक्षा जास्त गावांत ऐकायला मिळतात.

पण ताई, बाबांना सांगा की हजारचा आकडा पहिल्या दिवसाचा नसतो, आणि त्या पोराला ते करावंसं वाटत होतं. तेराव्या वर्षी गुडघे कच्चे असतात, कोचला विचारून वीस-वीसने वाढवू द्या. आणि बाबांनी पण सोबत माराव्यात, मग बघू आकडा कुठपर्यंत टिकतो.

एवढा पैसा, एवढं नाव, सगळ्या ट्रॉफ्या झाल्या, मग पन्नाशीनंतर गावच्या क्लबात तरण्या पोरांचे धक्के खाण्यात काय मिळतं? थांबायचं कधी हे कळायला नको का माणसाला? मी चौतीस वर्षं शाळेत नोकरी केली आणि अठ्ठावन्नाला हार घालून घरी आलो. (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, पत्रातला सूर कळला. पण तुम्हाला कोणी म्हटलं नव्हतं ना, की तुम्ही वर्गात आला नाहीत तर शाळाच बंद पडेल.

यागरचं क्लादनो म्हणजे पोलादाचं गाव. तिथे पोल्डी नावाचा कारखाना, १८८९ ला कार्ल विट्गेनश्टाइन या उद्योगपतीने काढला, तत्त्वज्ञ लुडविगचा बाप, आणि नाव दिलं बायकोचं, लिओपोल्डिनचं लाडकं रूप पोल्डी. कारखान्याचा शिक्का म्हणजे त्या बाईचा चेहरा एका बाजूने आणि समोर एक तारा. गावचा हॉकी क्लब कारखान्याच्या जिवावर चालायचा. १९७५ ते १९८० या सहा वर्षांत पाच वेळा देशाचं विजेतेपद या गावाने घेतलं, म्हणजे यागर तीन ते आठ वर्षांचा असताना, तेव्हाच तो स्केट घालायला लागला होता. अशा गावात पोराला दुसरं काय सुचणार. मग राजवट गेली, नव्वदीत कारखाना बसला, आपल्याकडे मुंबईत गिरण्या गेल्यावर गिरणगावाचं जे झालं त्या जातीचं दुखणं, आणि क्लबला पोसणारं मोठं घर गेलं.

क्लब आधी यागरच्या वडिलांनी सांभाळला आणि २०११ ला मोठा हिस्सा यागरच्या नावावर झाला. म्हणजे लेमिएने पिट्सबर्गला जे केलं तेच, फक्त लेमिए पस्तिशीत खेळाडू-मालक झाला आणि हा चाळिशीत. आणि पिट्सबर्गच्या मागे अख्खी एनएचएल होती, इथे एक लहान गाव. २०१२ ला एनएचएलला टाळं लागलं तेव्हा अमेरिकेत बसून राहण्याऐवजी हा क्लादनोकडून खेळला. जानेवारी २०१८ मध्ये कॅलगरीने, त्याच्या शेवटच्या एनएचएल क्लबने, हात वर केले, २२ मॅच, एक गोल, दुखरा गुडघा, तेव्हा कोणीही म्हणालं असतं की आता बास. हा क्लादनोला परत गेला, क्लब तेव्हा दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये घसरलेला. पुढच्या सीझनचा बराच भाग दुखापतीत गेला, आणि वरच्या लीगमध्ये जायच्या प्लेऑफमध्ये उतरून सत्तेचाळीसाव्या वर्षी एका मॅचमध्ये चार गोल मारले. क्लादनो वर गेलं.

तो मुलाखतींमध्ये आडपडदा न ठेवता सांगत आलाय, मी बर्फावर असलो तर लोक तिकीट काढतात, प्रायोजक येतात, मी बसलो तर क्लबचं अवघड आहे. परगावी मॅच असली तरी हॉल भरतो कारण लोकांना पोराबाळांना दाखवायचं असतं, बघ हा यागर. सर्कशीतला सिंह झालाय म्हणून टीका होते, तीही थोडी खरीच आहे, शेवटच्या सीझनांमध्ये तो वेगात मागे पडायचा, शिफ्ट छोटी, दुसऱ्याच्या पायांवर भागवायचं, आणि ज्या तरुण विंगरची जागा त्याने घेतली असेल त्याच्या आईला विचारलं तर ती तुमच्याच बाजूने बोलेल. २०२२ मध्ये वडील गेले, त्यानंतर तर मालकीचं सगळं ओझं एकट्यावर.

आता तुम्ही म्हणाल लग्न नाही, संसार नाही, म्हणून हे परवडतं. असेल. पण आजोबांची जमीन सरकारने घेतली त्याच मातीत वाढलेला माणूस, पाठीवर ते साल घेऊन फिरतो, त्याच्याकडे गावात स्वतःच्या नावाची एक गोष्ट होती आणि ती दुसऱ्याच्या हातात जाऊ द्यायची नव्हती, मला तरी त्याचा हट्ट इतपत कळतो. तुमच्या ओळखीत नाहीत का सर असे, पंचाहत्तरीतही रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहणारे? पोरं म्हणतात अण्णा घरी बसा, आणि अण्णा टोपी घालून निघालेले.

फटाफट

*चेक लोकांसाठी सगळ्यात मोठा क्षण कोणता?* नागानो, १९९८ चं ऑलिंपिक. एनएचएलचे सगळे मोठे खेळाडू पहिल्यांदाच आले होते, चेक टीमने आधी अमेरिकेला, मग कॅनडाला शूटआउटमध्ये आणि फायनलला रशियाला १-० ने हरवलं, १९६८ चा संदर्भ लावून ते १-० परत वाचा. हिरो मात्र यागर नव्हता, गोली डॉमिनिक हाशेक होता. प्रागच्या जुन्या चौकात लोक ओरडत होते की हाशेकला राष्ट्राध्यक्ष करा. यागरने पुढे २००५ आणि २०१० ला जागतिक विजेतेपदं पण घेतली.

*केस तसे का वाढवले?* पुढे कमी मागे खांद्यापर्यंत, त्याला मलेट म्हणतात, नव्वदीत सगळ्यांचेच तसे होते, फक्त याचे चांगले दिसायचे. मध्ये कापले, म्हातारपणी परत वाढवले.

*हॉल ऑफ फेम?* टोरोंटोचा जो मोठा आहे त्यात खेळ सोडून तीन वर्षं व्हावी लागतात, हा सोडेचना म्हणून नियमातच अडकला, त्याच्या बरोबरचे बरेच जण केव्हाच आत जाऊन बसले. आंतरराष्ट्रीय फेडरेशनने मात्र वाट न बघता २०२४ ला घेऊन टाकलं.

*आपल्याकडे कुठे बघायला मिळेल?* लेह. हिवाळ्यात जा, गरम कपडे न्या, लडाखच्या मुली जबरदस्त खेळतात, २०२५ ला महिला टीमने आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं.

*त्याच्या बाहुल्या चोरीला गेल्या हे खरं का?* खरं. मार्च २०२४, पिट्सबर्गला एका मॅचला येणाऱ्या प्रेक्षकांना मान हलवणारी यागरची बाहुली फुकट वाटायची होती, कॅलिफोर्नियात आल्यावर सगळा मालच गायब. क्लबला ऐन मॅचच्या दिवशी जाहीर करावं लागलं की बाहुल्या चोरीला गेल्या. काही दिवसांनी माल सापडला आणि नंतर लोकांना वाटला पण. चोराने खोका उघडून हजारो यागर एकदम मान हलवताना बघितले असतील तेव्हा त्याला काय वाटलं असेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरतंय.